मुख्यमंत्र्यांनाही परस्पर उघडता न येणारी तिजोरी

भिवंडीजवळच्या दापोड्याला कधी गेलात, तर गोदामंच गोदामं दिसतील. घरबसल्या मागवलेली कितीतरी खोकी इथूनच टेम्पोत चढतात. समजा, अशाच एका खोक्यातून तुमची क्रिकेटची बॅट आली. तिचं बिल टाकू नका हं! त्यावर दोन आकडे असतील, सीजीएसटी आणि एसजीएसटी. पहिला कर केंद्र सरकारचा, दुसरा आपल्या महाराष्ट्राचा.

महाराष्ट्राचे हे रुपये जातात राज्याच्या तिजोरीत. तिचं नाव 'एकत्रित निधी'. तिला लोखंडी दार नाही, पण कुलूप मात्र भलतंच भक्कम आहे. राज्यघटनेचा अनुच्छेद 266 सांगतो, कायद्याने मंजुरी दिल्याशिवाय यातला एक पैसाही काढायचा नाही. मुख्यमंत्र्यांनीसुद्धा नाही!

मग मंजुरी देतं कोण? आपण निवडून दिलेली विधानसभा. शाळा, रस्ते, दवाखाने, प्रत्येक खातं तिच्यापुढे आपली मागणी मांडतं. आमदार ती मान्य करू शकतात, कमी करू शकतात, नाकारूही शकतात. नंतर 'विनियोजन कायदा' होतो आणि मगच कुलूप निघतं.

शाळांसाठी मंजूर झालेले पैसे उरले आणि रस्त्यांना कमी पडले, तर मंत्री ते परस्पर तिकडे वळवू शकतात का? अजिबात नाही. पुन्हा विधानसभेत यायचं आणि 'पुरवणी मागणी' मांडायची. अचानक महापूर आला तर? त्यासाठी 'आकस्मिकता निधी' वेगळा ठेवलेला असतो. त्यातून लगेच मदत देता येते, पण त्या खर्चालाही मागाहून विधानसभेची मंजुरी घ्यावी लागते.

हा हक्क आपल्याला सहज मिळालेला नाही. कोकणातल्या कोतळूक गावी जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले 1902 साली व्हाइसरॉयच्या कौन्सिलात अर्थसंकल्पावर बोलायला उभे राहिले. लोक गरिबीने पिचलेले असताना सरकार शिल्लक कसली दाखवतंय, असं त्यांनी आकडे मांडून विचारलं. मिठावरचा कर कमी करा, म्हणाले. पुढच्याच वर्षी तो कमी झाला! पण गोखल्यांना फक्त बोलता येत होतं. अर्थसंकल्पावर मत देण्याचा अधिकार त्या कौन्सिलातल्या कोणालाच नव्हता. इतका अभ्यास केलेला माणूस, आणि त्याला साधा हात वर करता येऊ नये! मला अजूनही याचा राग येतो.

म्हणूनच घटना लिहिताना मंजुरीचा अधिकार लोकप्रतिनिधींच्या हाती दिला गेला. खर्च मंजुरीप्रमाणेच झाला का, हे तपासायला महालेखापरीक्षक नेमले. घटनेतला बहुधा हाच सर्वांत महत्त्वाचा अधिकारी, असं डॉ. आंबेडकरांनी 1949 साली घटना समितीत सांगितलं होतं.

गावातही असंच असतं. गोदामांची घरपट्टी 'ग्रामनिधी'त जमा होते आणि सरपंचांना तो पैसा मनाला येईल तसा खर्चता येत नाही. तेव्हा पुढच्या ग्रामसभेला आई-बाबा किंवा आजी-आजोबा निघाले, की त्यांना एवढंच सांगा: यंदाचा जमाखर्च वाचून दाखवायला सांगा, आणि घरी आल्यावर आम्हालाही समजावून द्या.