दुसरी गाठ पहिलीचीच असते असे नाही

वलगावसारख्या गावातल्या पानठेल्यावर सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घोटून खर्रा मिळतो, शेजारीच बिडीचे बंडल. या व्यसनांतून झालेल्या घशाच्या कॅन्सरमधून उठलेल्या माणसाच्या फुफ्फुसात काही वर्षांनी गाठ दिसली, की ‘आता पसरला’ म्हणून घरचे हात टेकतात. हा निष्कर्ष घाईचा आहे. ती गाठ पहिल्या कॅन्सरपासून आलेली असू शकते, तशीच नव्याने उगवलेली, स्वतंत्रही असू शकते. 1953 मध्ये डॅनली स्लॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोंडाच्या कॅन्सरचे 783 रुग्ण तपासले, तेव्हा गाठीभोवतीच्या धडधाकट दिसणाऱ्या आवरणातही बिघडलेल्या पेशी आढळल्या. धूर घशातून फुफ्फुसात उतरताना सगळ्या वाटेवर पेशी बिघडवत जातो. खारपाणपट्ट्यातले एक रोप उपटल्याने जमीन गोडी होत नाही, तसेच हे.

दोन्ही ठिकाणच्या पेशी पुष्कळदा एकाच जातीच्या असल्याने फरक ओळखणे अवघड, हा आक्षेप खरा आहे. पण निर्णय पेशींच्या जातीवरच ठरत नाही. गाठ एकच आहे की अनेक, पहिल्या वेळी मानेतल्या लसिकाग्रंथी सुजल्या होत्या का, मध्ये किती काळ गेला, हेही पाहतात. आपल्याकडे जुन्या टीबीचा डागही गाठीसारखा दिसतो, म्हणून सुईने तुकडा काढून तपासणे टाळू नये. स्वतंत्र गाठ लवकर सापडली, तर शस्त्रक्रियेने ती काढून रुग्ण बरा होऊ शकतो. पसरलेल्या आजाराचे उपचार सहसा निराळे असतात. न तपासता हात टेकले, तर ही संधीच जाते.

‘खर्रा खाणाऱ्याच्या फुफ्फुसाला काय होणार?’ असे कोणी विचारेल. खर्ऱ्याचा मुख्य मार तोंड आणि अन्ननलिकेवर असतो, फुफ्फुसावर धुराचा, हे मान्य. पण त्यामुळे खर्रा निर्धोक ठरत नाही, तोंडात किंवा अन्ननलिकेतही दुसरा कॅन्सर उगवू शकतोच. ‘एकदा व्हायचा तो झाला, आता सोडून काय?’ हा दुसरा प्रश्न. दुसरी गाठ रोखणाऱ्या गोळ्यांचा शोध घेतला गेला, पण कमी मात्रेतले आयसोट्रेटिनॉइन हे औषध मोठ्या चाचणीत निष्फळ ठरले. तंबाखू सोडण्याला पर्याय सापडलेला नाही. म्हणून डिस्चार्ज कार्डावर औषधांइतक्याच ठळकपणे तंबाखूबंदी, 1800-11-2356 हा मोफत मदतीचा क्रमांक आणि छातीच्या तपासणीची तारीख असायला हवी.