झाडाखालचं न्यायालय

देशाचं मोठं न्यायालय म्हटलं, की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? उंच घुमट, दगडी खांब, रुंद पायऱ्या आणि वरच्या आसनावर बसलेले न्यायमूर्ती. आत शिरणाऱ्या साध्या माणसाचा आवाज आपोआप खाली यावा, अशीच ती रचना असते. आफ्रिकेतल्या बहुतेक देशांना अशा इमारती गोऱ्या राज्यकर्त्यांकडून वारशानं मिळाल्या. विसाव्या शतकाच्या मध्यापासून हे देश एकामागून एक स्वतंत्र झाले. झेंडे बदलले, राष्ट्रगीतं बदलली. पण राज्यकारभार अनेक ठिकाणी त्याच भिंतींच्या आत चालू राहिला. नव्या इमारती बांधल्या, त्याही पुष्कळदा युरोपकडे पाहून.

मग ही इमारत आपली आहे, हे लोकांना कशावरून कळायचं? दर्शनी भिंतीवर आदिवासी नक्षी काढली, दालनात चार मुखवटे टांगले, म्हणजे काम भागलं का?

या प्रश्नाचं एक फार विचारपूर्वक दिलेलं उत्तर दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गला पाहायला मिळतं. ते म्हणजे तिथलं घटना न्यायालय.

वर्णभेदाची राजवट संपल्यावर हे न्यायालय स्थापन झालं आणि १९९५ साली त्याचं काम सुरू झालं. त्याच वर्षी जूनमध्ये त्यानं फाशीची शिक्षा घटनाबाह्य ठरवली. त्या निकालात न्यायमूर्तींनी ‘उबुंटू’ या आफ्रिकी कल्पनेचा आधार घेतला. माणूस इतर माणसांमुळे माणूस होतो, असा तिचा थोडक्यात अर्थ. म्हणजे देशी विचार आधी निकालात आला, भिंतींवर नंतर. न्यायालयाला तेव्हा स्वतःची इमारतही नव्हती. ते भाड्याच्या जागेत भरत होतं.

इमारतीसाठी जागा निवडली ती जुन्या तुरुंगाची. जोहान्सबर्गचा हा किल्ला म्हणजे एकेकाळी भीतीचं दुसरं नाव. काळ्या कैद्यांसाठी तिथे ‘नंबर फोर’ नावाचा वेगळा तुरुंग होता. महात्मा गांधींना १९०८ मध्ये याच आवारात कैदेत ठेवलं होतं. पुढे नेल्सन मंडेलाही इथे कैदी होते. इमारतीच्या आराखड्यासाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा घेतली गेली. तिच्या निवड समितीवर आपल्या मुंबईचे वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया होते. १९९८ मध्ये तरुण दक्षिण आफ्रिकी वास्तुरचनाकारांचा आराखडा निवडला गेला आणि २१ मार्च २००४ रोजी इमारत खुली झाली.

या आराखड्याच्या मुळाशी एक झाड आहे. आफ्रिकेतल्या अनेक समाजांत गावातली वडीलधारी माणसं मोठ्या झाडाखाली बसून तंटे सोडवत. सगळ्यांना दिसेल, सगळ्यांना ऐकू येईल, अशा जागी. आपल्याकडचा गावातला पार ज्यांना आठवतो, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. पण वास्तुरचनाकारांनी झाडाचा पुतळा उभारला नाही. त्यांनी झाडाखाली बसल्यावर काय घडतं, ते इमारतीत आणलं. प्रवेशदालनातले खांब सरळ नाहीत, खोडांसारखे तिरके आहेत आणि त्यांवर रंगीत तुकड्यांचं जडावकाम आहे. छतातून येणारा उजेड पानांतून झिरपल्यासारखा खाली पडतो. वरचे दिवे तारेच्या विणकामातून घडवले आहेत.

न्यायदालनात अकरा न्यायमूर्ती बसतात. त्यांच्या लांब मेजाचा दर्शनी भाग न्गुनी जातीच्या गाईंच्या कातड्यांनी मढवलेला आहे. या गाईंचं वैशिष्ट्य असं, की एकीचे ठिपके दुसरीसारखे नसतात. अकरा जण एकत्र बसले, तरी प्रत्येकाचं मत स्वतंत्र, हे सांगायला याहून देशी खूण कोणती? दालनात एक लांब, आडवी खिडकी आहे. तिच्यातून बाहेरून जाणाऱ्या लोकांचे फक्त पाय दिसतात. पायांवरून कोणाचं पद कळत नाही, की प्रतिष्ठा. भिंतींसाठी पाडलेल्या तुरुंगाच्या विटा वापरल्या आहेत. मुख्य लाकडी दारावर घटनेतले सत्तावीस हक्क कोरले आहेत आणि त्यांत खुणांच्या भाषेलाही जागा दिली आहे.

इथल्या कलेची गोष्ट इमारतीच्याही आधीची आहे. न्यायमूर्ती अल्बी सॅक्स हे वर्णभेदाविरुद्ध लढलेले वकील. १९८८ मध्ये मोझांबिकमध्ये त्यांच्या मोटारीत बॉम्ब ठेवला गेला. त्यात त्यांचा उजवा हात आणि एक डोळा गेला. नव्या न्यायालयाच्या सजावटीसाठी सुरुवातीला अवघे दहा हजार रँड मिळाले होते. सॅक्स आणि न्यायमूर्ती इव्हॉन मोखोरो यांनी ती सारी रक्कम जोसेफ न्डलोवू या कलावंताकडून एक विणलेलं भित्तिचित्र करून घेण्यात घातली. ‘माणुसकी’ हा त्याचा विषय. तिथून न्यायालयाचा मोठा कलासंग्रह वाढत गेला.

इथे एक धोका लक्षात घ्यायला हवा. ‘देशी संस्कृती’ हा शब्द नेहमीच निष्पाप असतो असं नाही. वर्णभेदाच्या सरकारनंच काळ्या माणसांची जमातवार विभागणी केली होती. तुमची भाषा वेगळी, चालीरीती वेगळ्या, तेव्हा तुमची भूमीही वेगळी, असं म्हणून त्यांना ‘बांटुस्तान’ नावाच्या तुकड्यांत ढकललं आणि स्वतःच्याच देशात परकं केलं. संस्कृतीच्या गौरवाची भाषा तिथे माणसांना वेगळं काढण्यासाठी वापरली गेली. अशा देशात राष्ट्राच्या इमारतीवर एकाच जमातीची नक्षी काढली असती, तर बाकीच्यांना ती आपली कशी वाटली असती? झाडाची सावली मात्र कोण्या एका जमातीची नसते. झाड निवडण्यातलं शहाणपण मला इथे दिसतं.

दुसरा प्रश्न कारागिरांच्या हातांचा. फ्रान्सिस केरे हे बुर्किना फासोतल्या गांडो गावचे. बर्लिनमध्ये वास्तुशास्त्र शिकत असतानाच त्यांनी गावासाठी मातीच्या विटांची प्राथमिक शाळा उभारायला घेतली. ती २००१ मध्ये पूर्ण झाली. गावकऱ्यांना आधी हे पटेना. माती म्हणजे गरिबाची, पावसात विरघळणारी. केरे यांनी मातीत थोडं सिमेंट मिसळून विटा पक्क्या केल्या आणि पत्र्याचं छप्पर भिंतींपासून वर उचलून गरम हवेला वाट दिली. गावच बांधकामाला लागलं. या शाळेला २००४ मध्ये आगाखान पुरस्कार मिळाला आणि २०२२ मध्ये केरे हे प्रित्झकर पारितोषिक मिळवणारे पहिले आफ्रिकी वास्तुरचनाकार ठरले. बेनिनच्या संसदेसाठी त्यांनी केलेल्या आराखड्याच्या मुळाशीही गावसभेचं झाडच आहे.

नायजर देशातल्या दांदाजी गावात जुनी मातीची मशीद मोडकळीला आली होती. ती पाडून नवी बांधायचं ठरत होतं. वास्तुरचनाकार मरियम कमारा आणि यास्मान इस्माइली यांनी गावाला सुचवलं, की नवी मशीद शेजारी बांधू आणि जुनीचं ग्रंथालय करू. २०१८ मध्ये हे काम झालं. एकाच आवारात नमाज आणि वाचन आलं. या दुरुस्तीत, मूळ मशीद ज्यांनी बांधली होती, तेच गवंडी सहभागी झाले. आपलं जुनं कसब त्यांनी दिलं आणि माती अधिक टिकवण्याच्या नव्या रीती शिकून घेतल्या.

वारली चित्रं रंगवलेल्या सरकारी भिंती आपणही पाहतो. तेव्हा जोहान्सबर्ग, गांडो आणि दांदाजीकडून घेण्यासारखे दोन साधे प्रश्न आहेत. ही कला इमारतीच्या कामात शिरली आहे, की नुसती अंगावर चढवली आहे? आणि ज्यांची ही कला आहे, ती माणसं या दारातून आत येतात तेव्हा त्यांना बसायला जागा मिळते का?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)