पोहणाऱ्याची मोजपट्टी

अकोला जिल्ह्यात महान गावाजवळ काटेपूर्णा नदीवर मोठा जलाशय आहे. अशा जलाशयातील रोहू मासा शेपटीचा एक फटकारा मारतो आणि मग शेपटी न हलवताही काही अंतर पुढे सरकत जातो. साचलेल्या पाण्याच्या एका थेंबात पॅरामेशिअम नावाचा सूक्ष्म जीवही पोहत असतो. त्याच्या अंगावरील केसांसारखे तंतू थांबले, की तो तत्क्षणी थांबतो. दोघेही पाण्यातच पोहतात. मग हा भेद कशामुळे?

गतिमान शरीर आपली गती टिकवू पाहते आणि पाण्याचा चिकटपणा त्याला अडवतो. मोठ्या व वेगवान शरीरापुढे चिकटपणाचे फारसे चालत नाही. सूक्ष्म जीवाला मात्र तेच पाणी काकवीसारखे दाट असते.

ही तुलना अंकांनी करता येते. इंग्लंडमधील शास्त्रज्ञ ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ साली काचेच्या नळीतून रंगीत पाण्याची धार सोडून प्रवाहाचे प्रयोग केले. त्यांच्या नावाचा अंक काढण्यासाठी शरीराची लांबी व वेग यांचा गुणाकार करतात आणि त्याला द्रवाच्या चिकटपणाच्या मापाने भागतात. मिलिमीटर व सेकंद ही एकके घेतली, तर साध्या पाण्याचे हे माप सुमारे १ येते. ३०० मिलिमीटर लांबीचा रोहू सेकंदाला ६०० मिलिमीटर गेला, तर त्याचा अंक १,८०,००० होतो. ०.२ मिलिमीटर लांबीचा पॅरामेशिअम सेकंदाला १ मिलिमीटर गेला, तर त्याचा अंक अवघा ०.२ होतो.

हा अंक मोठा उपयोगी आहे. रांजणातील डासाची ५ मिलिमीटर लांबीची अळी सेकंदाला १० मिलिमीटर गेली, तर तिचा अंक ५० येतो. तिची दहापट मोठी प्रतिकृती शंभरपट चिकट तेलात सेकंदाला १०० मिलिमीटर वेगाने नेली, तरी अंक ५० च राहतो. वळवळही तशीच ठेवली, म्हणजे अळीभोवतीचा प्रवाह मोठ्या आकारात पाहता येतो. पुण्याजवळ खडकवासला येथे केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र आहे. १९१६ साली सुरू झालेल्या या संस्थेत धरणांच्या व नद्यांच्या प्रतिकृतींवर असाच प्रमाण राखून अभ्यास होतो; मात्र तेथे कोणते प्रमाण राखायचे, हे त्या त्या प्रश्नावरून ठरते.

आता संगणकावरही मासा पोहवून पाहता येतो. त्यासाठी लांबी व वेग कोणते धरायचे, हे आधी ठरवावे लागते. लांबी बहुधा शरीराचीच घेतात. वेगाच्या बाबतीत मात्र फसगत होते. पूर्णा नदीच्या प्रवाहाकडे तोंड करून एका जागी राहिलेला मासा काठावरून स्थिर दिसतो. पण तो पाण्याला मागे सारत पोहतच असतो. म्हणून वेग काठावरून न मोजता पाण्याच्या तुलनेने मोजावा. मासा किती वेगाने जाईल, हेच शोधायचे असेल, तर तो वेग आधी धरता येत नाही. अशा वेळी शेपटीच्या हेलकाव्याची रुंदी व सेकंदातील हेलकाव्यांची संख्या यांचा गुणाकार वेग म्हणून घेतात.

कोणते माप निवडले, हे स्पष्ट सांगितलेच पाहिजे. एकाने काठावरचा वेग व दुसऱ्याने शेपटीचा वेग घेतला, तर दोघांचे गणित बरोबर असूनही अंक जुळणार नाहीत. म्हणून मोजण्यापूर्वी मोजपट्टी ठरवणे, ही शास्त्राची पहिली पायरी होय.