मिठाला रेणू नसतो

पाणी म्हणजे एचटूओ आणि मीठ म्हणजे एनएसीएल. शाळेत ही दोन सूत्रे एका दमात पाठ होतात, त्यामुळे दोन्हींचा अर्थ एकच असणार असे वाटते. पाण्यापुरते ते खरे आहे. हायड्रोजनचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक मिळून पाण्याचा सुटा, स्वतंत्र रेणू होतो. मिठाच्या खड्यात मात्र असा रेणू शोधूनही सापडत नाही.

हे दाखवून दिले विल्यम लॉरेन्स ब्रॅग या तरुणाने, १९१३ साली. मिठाच्या स्फटिकावर क्ष-किरण सोडून त्याने आतली मांडणी उलगडली. प्रत्येक सोडिअमभोवती सहा क्लोरीन, प्रत्येक क्लोरीनभोवती सहा सोडिअम, आणि हीच रचना खड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. यातला कोणता सोडिअम कोणत्या क्लोरीनचा, हे सांगायला जागाच नाही. एनएसीएल हे सूत्र फक्त प्रमाण सांगते, एकास एक. दोनच वर्षांनी ब्रॅगला वडिलांसह नोबेल मिळाले, तेव्हा तो पंचविशीत होता.

तरीही सगळ्यांना हे पटले नाही. १९२७ साली हेन्री आर्मस्ट्राँग या ज्येष्ठ इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने ‘नेचर’मध्ये चिडून पत्र लिहिले. बुद्धिबळाच्या पटासारखी ही मांडणी त्यांना अकलेला न पटणारी वाटली. रसायनशास्त्राच्या क्रिकेटमध्ये हे बसत नाही, असेही त्यांनी सुनावले. पत्र मजेदार होते, पण बाजू ब्रॅगचीच खरी होती.

मग हा पट कशाच्या जोरावर उभा राहतो? सोडिअमच्या अणूत ११ इलेक्ट्रॉन असतात आणि सर्वांत बाहेरच्या कवचात एकटाच. क्लोरीनच्या बाहेरच्या कवचात सात असतात, आठाला एक कमी. सोडिअम आपला इलेक्ट्रॉन देतो, क्लोरीन तो घेतो. आता दोघेही अणू राहिले नाहीत. एक झाला धनप्रभारित आयन, दुसरा ऋणप्रभारित. विरुद्ध प्रभारांची ओढ इतकी जबर, की मीठ वितळवायला ८०१ अंश सेल्सिअस तापमान लागते.

एका इलेक्ट्रॉनच्या देवघेवीने स्वभाव किती पालटतो! हम्फ्री डेव्हीने १८०७ साली प्रथम वेगळा काढलेला सोडिअम पाण्यात टाकला तर पेट घेतो. क्लोरीन हा तर १९१५ साली ईप्रच्या रणांगणावर सैनिकांवर सोडलेला विषारी वायू. हेच दोघे आयन होऊन आपल्या रोजच्या आमटीत असतात.

पाण्यात मीठ विरघळते तेव्हा पाण्याचे रेणू या आयनांना घेरून एकमेकांपासून सोडवतात. म्हणून कोरडा खडा वीज वाहून नेत नाही, मिठाचे पाणी नेते. द्रावणात आयन सुटे होतात ही कल्पना स्वांते अऱ्हेनियसने १८८४ साली उप्सालाच्या प्रबंधात मांडली, तेव्हा परीक्षकांनी त्याला जेमतेम श्रेणी दिली. १९०३ साली त्याला नोबेल मिळाले. परीक्षकांचे नाव आज कुणाला आठवत नाही.

उरण-पेणकडच्या मिठागरांत हीच क्रिया उलटी चालते. समुद्राच्या दर किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. उथळ वाफ्यांत ऊन खाऊन पाणी आटत जाते. आधी कॅल्शियम सल्फेट, म्हणजे जिप्सम, तळाशी बसते. मग मिठाचे खडे धरू लागतात. मॅग्नेशियमचे बरेचसे आयन मागे उरलेल्या कडवट पाण्यातच राहतात, म्हणून ते पूर्ण आटण्याआधीच मीठ ओढून घ्यायचे असते. थोडे मॅग्नेशियम क्लोराइड खड्यांसोबत येतेच आणि हवेतली ओल ओढून घेते. खडेमीठ पावसाळ्यात पाझरते त्यात त्याचा मोठा वाटा. शुद्ध मीठही त्यातून सुटत नाही. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की तेही ओले होते, आणि कोकणातल्या आषाढात ती सहज जाते.

ही ओल आयोडीनच्याही मुळावर येते. गलगंड टाळण्यासाठी मिठात आयोडीन मिसळतात. साधा आयोडाइड आयन दमट मिठात हवेच्या संपर्काने आयोडीन होऊन उडून जातो. म्हणून भारतात पोटॅशियम आयोडेट वापरतात. त्यात आयोडीनचा एक अणू ऑक्सिजनच्या तीन अणूंशी जखडलेला असतो आणि चौघे मिळून एकच आयन होतो. ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या मिठात दहा लाख भागांमागे किमान १५ भाग आयोडीन असावे, असा नियम आहे. आयोडेट टिकाऊ खरे, पण ओल आणि उष्णता त्यालाही फार काळ सोसत नाही. तेव्हा पुडा फोडला की मीठ घट्ट झाकणाच्या बरणीत भरावे आणि बरणी शेगडीपासून लांब ठेवावी.