तंबूतला सिनेमा आणि बसण्याची जागा

चित्रपटगृहांचा इतिहास लिहिणारे 1896 सालच्या मुंबईतील वॉटसन हॉटेलातून निघतात, 1913 च्या कॉरोनेशनवर येतात आणि बहुधा शहरातच थांबतात. सास्तूरच्या परिसरातील खेड्यांचा सिनेमा या इतिहासात बसत नाही. तो इमारतीत नव्हताच. तो तंबूत होता आणि जत्रेबरोबर येत असे.

फिरत्या टॉकीजचा हिशेब शेतीवर चाले. सुगी उरकून हातात चार पैसे आले की जत्रांचा हंगाम सुरू होई. ट्रकमधून तंबू, जनरेटर, प्रोजेक्टर आणि रिळांचे डबे येत. पाऊस आला की मुक्काम हलला. प्रोजेक्टर बहुधा एकच असे. दोन हजार फुटांचे रीळ बावीस मिनिटांत संपे आणि दुसरे चढेपर्यंत शिट्ट्या चालत. पडद्यासमोर जमीन, मागे बाक, त्यामागे खुर्च्या, अशी दरांची उतरंड होती.

उतरंड आम्हांला नवी नव्हती. तिचे कारण नवे होते. गावात देवळाची पायरी, पाणवठा, हॉटेलातली कपबशी यांवर जन्माचा पहारा होता. तंबूच्या दाराशी जात विचारून तिकीट फाडणे मालकाला परवडत नव्हते. यात त्याचे पुरोगामित्व शोधू नये. ती धंद्याची गरज होती. परंतु कायदाही होता. निजामाची राजवट या मुलखातून 1948 मध्ये गेली आणि 1950 मध्ये राज्यघटना आली. तिच्या पंधराव्या कलमात दुकाने व उपाहारगृहे यांच्या जोडीला सार्वजनिक करमणुकीची ठिकाणे मुद्दाम घातली आहेत. 1955 च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्याने तेथे मज्जाव करणे हा गुन्हा ठरविला. घटनाकारांनी करमणुकीला किरकोळ मानले नाही, हे आपण लक्षात घेतले पाहिजे.

मी आईबरोबर जमिनीवर बसून सिनेमा पाहिला आहे. शेजारी कोण आहे हे अंधारात कळत नसे. दिवे लागले की कळे आणि मध्ये वीतभर जागा सुटे. कायदा दारापर्यंत पोहोचला होता. ती वीतभर जागा त्याच्या हाती नव्हती.

पडद्यावरही आमची जागा ठरलेली होती. 'अछूत कन्या' (1936) व 'सुजाता' (1959) यांनी आमच्याविषयी कणव निर्माण केली; पण गोष्ट सांगणारे आम्ही नव्हतो. करमाळ्याच्या मातीतल्या नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' 2013 मध्ये आला, तोवर तंबूंचे दिवस सरत आले होते. 1980 नंतर व्हिडिओ आणि टीव्हीने त्यांचा धंदा खाल्ला. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपात तर सास्तूरची जुनी घरेच कोसळली.

आता सिनेमा ज्याच्या-त्याच्या मोबाईलमध्ये आहे. तेथे कोणाच्या शेजारी बसावे लागत नाही, म्हणून तो प्रश्न सुटला असे समजू नये. ज्यांनी तंबूच्या मेखा ठोकल्या, ज्यांनी जमिनीवर बसून सिनेमा पाहिला, ती माणसे आता थकली आहेत. त्यांच्या आठवणी आपणच लिहून घेतल्या पाहिजेत.