न धरलेल्या माशाची किंमत

रविवारी सकाळी गणेश पेठेतल्या मासळी बाजारात मासा नुसता मासा नसतो, त्याला गाव असतं. खोल समुद्राची मासळी, खाडीची, नदीची आणि आंध्राची. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात बाजारभावाच्या रकान्यात आवकही याच चार घरांनी छापून येते. आंध्राच्या रहू, कटला, सिलनची आवक टनांत असते आणि नदीची बहुतेक वेळा किलोंत. मला कुतूहल त्या सगळ्यात बारक्या ओळीचं.

एकदा एका पाटीत तीनेक किलोचा कटला दिसला. "आंध्राचा का?" म्हणून विचारलं, तर मावशी दुखावल्याच. "छे ओ दादा, धरणाचा आहे. कल्ला बघा ना." त्यांनी अंगठ्याने कल्ल्याचं झाकण उचललं. आत डाळिंबाचे दाणे फुटावेत तसा लाल रंग. मग घासाघीस झाली, भाव ठरला, कोयतीवर मासा चढला. पिशवी घेऊन निघालो आणि बाजीराव रस्त्यावर येईपर्यंत मनात एकच किडा वळवळत होता. या माशाचा भाव आत्ता माझ्यासमोर ठरला खरा, पण त्याचा आणखी एक भाव याच्या कितीतरी आधी ठरलेला होता. तेव्हा तो पाण्यात होता आणि कुणी त्याला धरलेलंही नव्हतं. न धरलेल्या माशाचा भाव कोण ठरवतं?

या प्रश्नाच्या तळाशी एक अजब गोष्ट सापडते. वाहत्या पाण्यात मोकळा फिरणारा मासा कुणाच्याच मालकीचा नसतो. जाळ्यात आला की तो धरणाऱ्याचा. म्हणजे पाण्याचा धनी माशाचा धनी नसतो. त्याच्याकडे असतो फक्त मासा धरू देण्याचा हक्क, आणि विकला जातो तो हा हक्क. १९५५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे चिल्का सरोवरातल्या मासेमारीचं एक प्रकरण आलं. काही लोकांनी पारिकुडच्या राजाकडून पुढच्या काही वर्षांची मासेमारी पैसे मोजून, पण तोंडीच घेतली होती. मध्येच जमीनदारी संपली, जहागीर ओरिसा सरकारकडे गेली आणि सरकार म्हणालं, आम्ही तुम्हाला ओळखत नाही. न्यायालयाने सांगितलं की पाण्यात जाऊन मासा धरायचा आणि घेऊन जायचा, हा हक्क म्हणजे स्थावर मालमत्ता आहे. शेतासारखी, वाड्यासारखी. तेव्हा तो लेखी हवा आणि त्याची नोंदणीही हवी. तोंडी व्यवहार बुडाला.

मासा क्षणभर एका जागी राहत नाही, पण तो धरण्याचा हक्क कायद्याच्या लेखी स्थावर. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं होतं.

आता हा स्थावर हक्क आपल्याकडच्या धरणावर आणून ठेवा. एकाच पाण्यावर किती जणांचे हात असतात पाहा. भिंत आणि पाणी जलसंपदा विभागाचं. त्यातल्या मासेमारीचा ठेका देणार मत्स्यव्यवसाय विभाग. तहान पुणे शहराची. उन्हाळ्यातली आवर्तनं दौंड-इंदापूरच्या शेतीची. खडकवासल्याचं धरण १८७९ सालचं. त्यात एकही मासा नसता तरी त्याचं काम चाललंच असतं. मासा हा या सगळ्या व्यवहारातला पोटभाडेकरू. कालव्याचे दरवाजे उघडताना कुणी त्याला विचारत नाही. ठेका घेणाऱ्या मच्छीमार संस्थेलाही विचारत नाही. ठेका हेक्टरवर मोजला जातो, आणि चैत्र-वैशाखात हेक्टर आटत जातात.

त्यात पुन्हा ज्या माशासाठी ठेका घ्यायचा, तो या पाण्यातला नाहीच. कटला, रहू, मृगळ ही गंगेच्या खोऱ्याकडची मंडळी, भीमेच्या खोऱ्यात आणून सोडलेली. धरणाच्या साचलेल्या पाण्यात ती आपण होऊन सहसा विणत नाहीत. पावसाळ्यात फुगलेल्या नदीचा ओघ लागतो, तेव्हा त्यांच्या अंगात वीण जागी होते. तळ्यातल्या माशाला पूर आल्याचं सोंग कसं दाखवायचं, हे कोडं १९५७ साली सुटलं. हिरालाल चौधुरी यांनी माशाच्याच मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क काढून तो दुसऱ्या माशाला टोचला आणि माशाने अंडी सोडली. तारीख होती १० जुलै. देशभर हाच दिवस आज मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात.

तेव्हापासून माशाचं बियाणं करता येतं, आणि त्या बियाण्याला मराठीने काय शब्द दिलेत! अंड्यातून नुकतं बाहेर पडलेलं पिल्लू म्हणजे मत्स्यजिरे, कारण दिसतं जिऱ्याएवढंच. वाढून बोटाएवढं झालं की मत्स्यबोटुकली. सरकारी कागदातही हेच शब्द आहेत. 'अन्वये' आणि 'उपरोक्त' यांच्या गर्दीत मध्येच 'बोटुकली' दिसली की कारकुनाला क्षणभर आजी आठवली असावी असं वाटतं. ठेका घेणाऱ्या संस्थेने जलाशयात ठरलेल्या प्रमाणात ही बोटुकली सोडायची असते. सोडताना पिशवीचं तोंड पाण्यात बुडवून ठेवतात, आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं गार झालं की मगच पिल्लं सुटतात.

म्हणजे बियाणं संस्थेने आणायचं, होडी-जाळं संस्थेचं, राखण तिचीच, आणि वर मासा धरू दिल्याबद्दल पैसेही तिनेच भरायचे. मच्छीमारांच्या गाऱ्हाण्याचा गाभा हा आहे. सरकारची बाजू अगदीच लंगडी आहे असं नाही: पाणी सार्वजनिक आहे, ते कुणाला फुकट का द्यावं? शिवाय ठेका कमी ठेवला की संस्था नावाला उभी करून मागून व्यापाऱ्याने जाळं टाकायचं, हा प्रकारही तळ्यांना नवा नाही. तरी पेरलेलं पीक कापण्याचा परवाना विकत घ्यायचा, हे शेतकऱ्याला सांगून पाहा.

हा दर ठरतो कुठे? राज्यघटनेच्या राज्यसूचीत मासेमारी एकविसाव्या क्रमांकावर आहे, म्हणजे विषय राज्याचा. आपल्याकडे महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय अधिनियम १९६० सालचा आहे. पण हेक्टरी किती रुपये, हे विधानसभेत हात वर करून ठरत नाही. ते ठरतं शासन निर्णयाने. मंत्रालयातून एक कागद निघतो, त्याच्या शेवटी 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' असं असतं आणि खाली उपसचिवाची किंवा कक्ष अधिकाऱ्याची सही. संपलं. जे सहीने येतं ते सहीने थांबूही शकतं, आणि म्हणून आपल्या राजकारणातला एक अतिशय मोलाचा शब्द जन्माला येतो: स्थगिती.

इंग्रजीत ज्याला लॉबिंग म्हणतात, त्याला मराठीत चांगला शब्द नाही. 'लॉबी' म्हटलं की आपल्याला साखर आठवते आणि नाक मुरडलं जातं. पण काम मात्र आपण रोज करतो. त्याचं आपलं नाव निवेदन. एक पानी कागद. प्रति, मा. आमदार. विषय: तलाव ठेका रक्कम कमी करणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून. खाली अध्यक्ष-सचिवांच्या सह्या, काहींचे अंगठे, संस्थेचा जांभळा गोल शिक्का, जरा तिरका पडलेला. आमदार समासात शेरा मारतात, 'उचित कार्यवाहीस्तव'. कागदाला आवक क्रमांक पडतो. हा क्रमांक मिळाला नाही तर कागद जन्मालाच आला नाही असं समजायचं, म्हणून जाणती माणसं पोच घेतल्याशिवाय टेबलासमोरून हलत नाहीत.

कागद हलला नाही तर सभागृह. आमदार तारांकित प्रश्न टाकतो किंवा नियम १०५ खाली लक्षवेधी सूचना देतो. लक्षवेधी लागली की मंत्र्याला उत्तर द्यावंच लागतं, आणि त्या उत्तरासाठी आदल्या दिवशी खात्यात जी पळापळ होते, तिथेच अर्ध्या निवेदनांचं नशीब उघडतं. हिवाळी अधिवेशन नागपूरला असतं, त्यामुळे विदर्भातल्या ढिवर समाजाला मुंबईपेक्षा सरकार तिथे जवळ सापडतं. भंडारा-गोंदियाकडच्या माजी मालगुजारी तलावांवर, ज्यांना सगळे लाडाने मामा तलाव म्हणतात, त्यांच्या पिढ्या जगल्या. डिसेंबरात नागपुरात मोर्चा, आणि मोर्च्यातून निवडक पाच-सात जणांचं शिष्टमंडळ मंत्र्यांच्या दालनात. दालनात दोन मिनिटं मिळतात; जो दोन मिनिटांत हेक्टर, बोटुकली आणि रुपये हे तीन आकडे सांगू शकतो त्याचं काम होतं.

याचा फळलेला नमुना ताजा आहे. २०१७ मध्ये तलाव-ठेक्यांचं नवं धोरण आलं आणि संस्थांनी त्याविरुद्ध निवेदनांचा पाऊस पाडला. २०१९ मध्ये ५०० हेक्टरांपर्यंतच्या तलावांची ठेका रक्कम माफ करण्याचा निर्णय झाला. ५०० हेक्टर म्हणजे पाच चौरस किलोमीटर पाणी. राज्यातली बहुतेक गावतळी त्यात बसतात, उजनीसारखा समुद्र बसत नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात विधानसभेची निवडणूक होती, हा योगायोग ज्याने त्याने आपल्या बुद्धीने घ्यावा. मग एप्रिल २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीच्या बरोबरीचा दर्जा दिला. 'आम्हीही पेरतोच की' हे गाऱ्हाणं अखेर सरकारी भाषेत उतरलं.

माशाचं हे झालं. शिकारीच्या परवान्याचं काय? कोणे एके काळी तोही होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीचे चक्क वर्गवार परवाने होते: विशेष शिकार, मोठी शिकार, लहान शिकार, आणि जिवंत प्राणी सापळ्यात धरण्याचा वेगळा. १९९१ च्या दुरुस्तीने हे सगळं कलमच पुसलं. दर कमी करा की वाढवा, हा वादच संपला.

अमेरिकेत मात्र तो जोरात चालतो, आणि तिथे गोष्ट उलटी वाहते. १९३७ साली तिथे केंद्राने बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा राज्यांना वन्यजीवांसाठी द्यायचं ठरवलं, पण एका अटीवर: शिकार-परवान्याचं उत्पन्न राज्याच्या वन्यजीव खात्याबाहेर वळवणार नाही, असा कायदा आधी करा. १९५० मध्ये गळ-दांड्यांच्या करालाही तेच लावलं. परिणाम असा, की भरलेला पैसा नदीतच परत येणार याची खात्री असल्याने गळ टाकणारे लोक कधीकधी स्वतःच आमदारांकडे जाऊन सांगतात, आमची फी वाढवा. असं निवेदन आपल्या मंत्रालयात गेलं, तर आवक क्रमांक देणारा आधी माणसाचा ताप बघेल. पण दोष भरणाऱ्याचा नाही. आपल्याकडे असा पैसा एकदा राज्याच्या तिजोरीत पडला, की त्यातला रुपया त्याच तळ्यात परतेल अशी हमी नाही. मला विचाराल तर वाद दरावर घालण्यापेक्षा या हमीवर घालावा.

कारण निवेदनांच्या या सगळ्या व्यवहारात एक मासा पूर्णपणे गैरहजर आहे. कर्नल विल्यम साइक्स नावाचा मुंबई सरकारचा अधिकारी १८२४ ते १८३१ या काळात दख्खनची खानेसुमारी करत फिरत होता. त्याने इथल्या माशांची वर्णनं १८३९ मध्ये प्रसिद्ध केली आणि नावं देताना कोळ्या-भोयांच्या तोंडची नावं कानाला लागली तशी लॅटिनच्या शेजारी बसवली. शिंगटी, सांडखोल, कोलस, खुद्री. त्यातला खुद्री म्हणजे दख्खनचा महासीर. आजही जगभरचे शास्त्रज्ञ त्याला 'टोर खुद्री' म्हणतात. त्याचं मूळ ठिकाण साइक्सने लिहून ठेवलंय: मुळा-मुठा नदी, पुण्याच्या पूर्वेला आठ मैल. हिशेब केला तर हे मांजरीच्या आसपास कुठेतरी येतं. जगाच्या पाठीवर ज्या ज्या प्रयोगशाळेत या माशाचं नाव घेतलं जातं, तिथे तिथे नकळत मांजरीचा पत्ताही घेतला जातो.

आज मांजरीच्या पुलावर उभं राहून खाली पाहिलं, तर जलपर्णीचा हिरवा गालिचा आणि फेस दिसतो. ठेक्याच्या हिशेबात कटला आहे, रहू आहे. खुद्री नाही, म्हणून त्याच्या नावाचं निवेदनही नाही. गोऱ्या साहेबांना महासीर गळाला लावायचा षोक होता, त्यांनी आरडाओरडा केला, आणि अशा दबावातून १८९७ चा भारतीय मत्स्य कायदा आला. सुरुंग लावून आणि विष कालवून मासे मारणं तेव्हापासून गुन्हा आहे. स्वार्थी ओरड होती, पण माशाच्या कामी आली. नंतर १९७० च्या दशकात लोणावळ्याला टाटांच्या वळवण तलावाकाठी महासीरची वीण हाताने घडवून आणली गेली आणि तिथली पिल्लं देशभर गेली. इतकी, की कावेरीत सोडलेल्या खुद्रीने तिथल्या मूळच्या मदार असलेल्या महासीरची जागा बळकावली, अशी तक्रार आता दक्षिणेतले शास्त्रज्ञ करतात. स्वतःच्या गावात बेपत्ता आणि परमुलखात घुसखोर.

विधिमंडळाच्या प्रत्येक अधिवेशनात तारांकित प्रश्नांच्या याद्या छापल्या जातात आणि त्या कुणालाही वाचता येतात. पुढची यादी आली की 'मत्स्यव्यवसाय' हा शब्द शोधा. ठेक्याचे प्रश्न बहुधा सापडतील. मुळा-मुठेचा नाही सापडला, तर तुमच्या मतदारसंघाच्या आमदाराला एक पान लिहा. शिक्का नसला तरी चालेल. पोच मात्र घ्या.