भोकं पडलेला कोबी

मागच्या महिन्यात एका शनिवारी सातवीतली एक मुलगी आईबरोबर भाजीची पिशवी न्यायला आली होती. पिशवीत वाकून बघितलं आणि म्हणाली, "मावशी, हा कोबी कुणीतरी आधीच खाल्लाय."

आई ओशाळली. मला मात्र हसू आलं, कारण पोरगी खरंच बोलत होती. बाहेरच्या चार पानांना भोकं होती. मी वरची पानं काढून आतला पांढराशुभ्र गड्डा दाखवला. ती म्हणाली, "मग दुकानातल्या कोबीला भोकं का नसतात?"

तिला तिथं उभ्या उभ्या दिलेलं उत्तर अर्धवट होतं. पूर्ण उत्तर द्यायचं तर आमच्या वीस गुंठ्यांची आणि माझ्या काकांची गोष्ट सांगावी लागते. आपल्या मंडळातल्या बऱ्याच मुलांची गावाकडची जमीन अजून कुणीतरी काका, मामा कसत असतात. म्हणून ती इथे सांगते.

काकतीचा माळ

काकती म्हणजे बेळगावपासून जेमतेम सात-आठ किलोमीटरवरचं, पुणे-बंगळुरू महामार्गावरचं गाव. कित्तूरच्या राणी चन्नम्माचं हे माहेर. 1778 साली तिचा जन्म इथला. गावाजवळून मार्कंडेय नदी जाते आणि तिच्या काठची शेतं भाजीपाल्याची. काकती, कडोली या पट्ट्यातला कोबी, फ्लॉवर, नवलकोल, बीन्स, ढबू मिरची, मेथी, कोथिंबीर बेळगावच्या बाजारात येते. गोव्यात तुम्ही खाता त्या भाजीतलीही बरीचशी घाट उतरून इकडूनच गेलेली असते.

आमची जमीन मात्र नदीकाठची नव्हे, माळावरची. तांबूस, मुरमाड, वीतभर खणलं की कुदळीतून ठिणगी उडावी अशी. बेळगावला पाऊस कमी नाही, वर्षाला हजार-बाराशे मिलिमीटरच्या घरात पडतो. पण तो सगळा जून ते सप्टेंबरमध्ये कोसळतो आणि मुरमातून निथळून जातो. फेब्रुवारी संपता संपता विहिरीचा तळ दिसू लागतो. म्हणजे चार महिने चिखल आणि उरलेले महिने जवळजवळ वाळवंट.

वडील गेल्यावर त्यांच्या वाट्याचे वीस गुंठे माझ्या नावावर आले. मी बेळगावात शाळेत शिकवते. शेती कसायचे ते काकाच. महामार्गालगतच्या जमिनींना प्लॉटचा भाव आलेला, त्यामुळे विकून टाक म्हणणारे पुष्कळ होते. काका काही म्हणाले नाहीत. मीच म्हटलं, "काका, दोन-तीन वर्षं औषध-खत न घालता भाजी करून बघूया." ते बराच वेळ माळाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "कर की. पण माती आधी कर, भाजी मागनं."

सबंध सेंद्रिय शेतीचं सार त्या एका वाक्यात होतं. मला ते कळायला तीन वर्षं लागली.

आधी माती

2019 च्या जूनमध्ये आम्ही भाजी लावली नाही, ताग पेरला. ताग हे शेंगवर्गीय पीक. त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र धरून ठेवतात. साधारण पंचेचाळीस दिवसांनी, फुलं येण्याच्या सुमाराला, तो तसाच हिरवा मातीत गाडायचा. कुजला की मातीला नत्रही मिळतं आणि सेंद्रिय पदार्थही.

ऑगस्टच्या सुरुवातीला आम्ही ताग गाडला आणि चारच दिवसांत तो महापुराचा पाऊस लागला. नदीकाठची शेतं पाण्याखाली गेली. आम्ही उंचावर म्हणून वाचलो असं मला वाटत होतं. पाऊस ओसरल्यावर जाऊन बघते तर नुकती भुसभुशीत केलेली माती तागासकट उताराला वाहून गेलेली, आणि खालचा मुरूम दात विचकत वर आलेला.

त्या हिवाळ्यात भाजी सोडून बांधच घातले. उताराला आडवे, दर पंधरा-वीस पावलांवर एक. बांधावर गवत आणि गिरिपुष्प लावलं. गिरिपुष्पाच्या फांद्या छाटून पाला मातीवर पसरता येतो. ओळखीच्यांकडून उसाचं पाचट आणलं. एरवी ते शेतातच पेटवून देतात, आम्ही वाफ्यांवर चार बोटं जाड अंथरलं. पाचटाखालची माती एप्रिलमध्येही ओलसर राहिलेली बघून काकूंनी पहिल्यांदा माझ्याकडे जरा बऱ्या नजरेनं पाहिलं.

या वाटेवर चालताना आपल्याच भागातले लोक आधी चालून गेलेत हे कळत गेलं. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर गणिताचे प्राध्यापक. त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला आणि दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचं पोषण कसं होईल याचा हिशेब मांडला. दुसरे अमरावती जिल्ह्यातले सुभाष पाळेकर, त्यांचं जिवामृत आज गावोगाव माहीत आहे. एकरासाठी दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, बांधावरची मूठभर माती आणि दोनशे लिटर पाणी. हे सावलीत दोन-तीन दिवस आंबवायचं. आम्ही निम्म्या मापानं करतो. पण माझा अनुभव असा की जिवामृत हे विरजण आहे. विरजणानं दही लागतं खरं, पण पातेल्यात दूध हवं. मातीत पाला, शेणखत, काडीकचरा काहीच नसेल तर विरजण घालून काय उपयोग?

वाफा इथला आणि तिथला

पाण्यासाठी आम्ही दोन तऱ्हेचे वाफे करतो. पावसाळ्यात गादीवाफे, म्हणजे उंच, पाणी बाजूच्या सरीतून निघून जावं असे. दिवाळीनंतर त्याच जागी खोलगट वाफे. कडेनं वरंबा, रोप मधल्या खळग्यात. पाणी ओतलं की रोपाशीच मुरतं आणि वरंब्यामुळे कोरडा वाराही जरा अडतो.

आमच्या एका गिऱ्हाईकाचा मुलगा अमेरिकेत शिकतो. आईनं पाठवलेला वाफ्यांचा फोटो बघून त्यानं उलट एक फोटो धाडला. न्यू मेक्सिकोत सहा हजार फुटांहून उंच, कोरड्या पठारावर झुनी लोक राहतात. त्यांच्या बायका परंपरेनं अशाच खोलगट चौकोनांत भाजी करत आल्या आहेत. चहूबाजूंनी मातीची ठेंगणी भिंत, मध्ये रोपं, आणि पाणी भांड्यानं हातानं घालायचं. तिकडे त्याला 'वॉफल गार्डन' म्हणतात, कारण वरून बघितलं तर वॉफलच्या चौकटी दिसतात. काकांना फोटो दाखवला. ते म्हणाले, "वाफल? अगं, वाफाच की तो!"

नाव योगायोगानं जुळलं, पण पाणी कमी असलं की जगात कुठेही शेतकऱ्याचा हात तोच आकार करतो.

काकांची फवारणी

2020 च्या टाळेबंदीत शहरातल्या ओळखीच्या घरांनी भाजी मागायला सुरुवात केली. त्यातून शनिवारच्या पिशव्या सुरू झाल्या. दर आठवड्याला अठरा पिशव्या, शेतात निघेल ते सात-आठ जिन्नस. सुरुवातीला नवलकोलाचा पाला टाकून देणाऱ्या घरांत आता त्याची डाळ घालून भाजी होते.

कोबीवर मुख्य शत्रू म्हणजे चौकोनी ठिपक्यांचा पतंग. त्याची हिरवी बारीक अळी पानांची चाळण करते. बंगळुरूच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेनं यावर एक साधी युक्ती शोधली आहे. कोबीच्या पंचवीस ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी लावायच्या. एक ओळ कोबी लावण्याआधी पंधरा दिवस, दुसरी लावणीनंतर पंचवीस दिवसांनी. पतंगाला मोहरी जास्त आवडते, तो अंडी तिथं घालतो. मग औषध मारायचं तर मोहरीवर. वर निंबोळी अर्क, शंभर लिटर पाण्याला पाच किलो निंबोळीच्या गराचा.

2021 च्या हिवाळ्यात पहिली मोहरी मी वेळेवर पेरली. दुसरी राहून गेली. शाळेत परीक्षा होत्या, तेवढंच कारण. पहिली मोहरी जून झाली, पतंग कोबीवर आले आणि डिसेंबरात गड्डे धरायच्या वेळी पानांची जाळी झाली.

शनिवारी पहाटे शेतात पाय ठेवला आणि तो वास आला. लहानपणापासून ओळखीचा, नाकात झोंबणारा. काका पंप धुवत होते. कोबीचे दोन वाफे ओले होते.

मी काय बोलले ते इथं लिहीत नाही. काकांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पोरी, चाळीस वर्षं ह्याच कोबीवर घर चाललं. तुझा बाप शिकला, तू शिकलीस. डोळ्यांदेखत पीक जाताना बघत बसायचं, एवढं मला नाही जमत. आणि तुझी ती शहरातली माणसं, भोकाचा कोबी घेणार होती?"

या शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाजारात एक डाग दिसला की गड्डा बाजूला टाकणारे आपणच. भाव असा पडतो की कधी कधी तोडणीची मजुरी निघत नाही आणि उभ्या पिकात ट्रॅक्टर घालावा लागतो. मग भाजी बिनडागाची ठेवायला शेतकरी पंप उचलतो, यात नवल ते काय?

काकू हळूच म्हणाल्या, "कुणाला सांगायची काय गरज आहे?"

मी बांधावर बसून अठरा घरांना निरोप लिहिला. या आठवड्यात आणि पुढेही या दोन वाफ्यांतला कोबी पिशवीत येणार नाही. त्यावर रासायनिक औषध मारलं गेलं आहे. चूक माझी, मोहरी पेरायची राहिली. ज्यांना थांबायचं असेल त्यांनी थांबावं.

पाच घरं सोडून गेली. त्यांचा राग मला समजतो. तेरा राहिली. एका आजोबांनी उलट निरोप धाडला, "भोकाचा असला तरी चालला असता, विचारायचं होतं."

तो निरोप मी काकांना वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत. औषधाच्या डब्यावर लिहिलेले थांबायचे दिवस भरल्यावर तो कोबी साधा कोबी म्हणून बाजारात गेला. दुसऱ्या दिवशी बघते तर काकांनी त्या दोन वाफ्यांच्या चारी कोपऱ्यांवर दगड रोवले होते. देशाच्या सेंद्रिय नियमांप्रमाणे वार्षिक पिकांच्या जमिनीला रासायनिक वापर थांबल्यापासून साधारण दोन वर्षांचा रूपांतरकाळ लागतो. त्या दोन वाफ्यांचे दिवस आम्ही पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतले.

शिक्का आणि शब्द

कन्नडात सेंद्रियला 'सावयव' म्हणतात. दोन्ही शब्द आता पाकिटांवर सर्रास दिसतात. थेट गिऱ्हाईकाला विकणाऱ्या लहान शेतकऱ्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही. ते हवं असेल तर 'पीजीएस-इंडिया' ही सोय आहे. त्यात किमान पाच शेतकऱ्यांचा गट करायचा आणि एकमेकांची शेतं तपासायची. आमचा गट अजून झालेला नाही, म्हणून पिशवीवर आम्ही 'प्रमाणित' लिहीत नाही.

घाईनं हे काम होत नाही, हे देशांनाही शिकावं लागलं आहे. सिक्कीमनं अनेक वर्षं टप्प्याटप्प्यानं बदल करत नेला आणि 2016 मध्ये ते पूर्ण सेंद्रिय राज्य म्हणून जाहीर झालं. उलट श्रीलंकेनं 2021 मध्ये रासायनिक खतांची आयात एकाएकी बंद केली. पिकं घटली, शेतकरी रस्त्यावर आले आणि त्याच वर्षी निर्णय मागं घ्यावा लागला. माती सवय बदलायला वेळ घेते. माणूसही घेतो.

म्हणून तरुण वाचकांना एवढंच सांगायचं आहे. सेंद्रिय भाजी घेणार असाल तर पाकीट वाचून थांबू नका, पिकवणाऱ्याला विचारा: यंदा कुठली कीड आली आणि तुम्ही काय केलं? "आमच्याकडे कीडच येत नाही" असं उत्तर आलं तर जरा सावध व्हा. जमलं तर गॅलरीत एक कुंडी करा. तळाला नारळाच्या शेंड्या, वर माती आणि शेणखत निम्मंनिम्मं, मेथीचे दाणे, त्यावर वाळक्या पानांचं आच्छादन. तीन-चार आठवड्यांत मेथी हाताशी येते. त्यातली थोडी किडा खाईल, खाऊ दे. आणि गावाकडचे काका पंप घेऊन उभे दिसले, तर रागावण्याआधी त्यांना त्या पिकाचा यंदाचा भाव विचारा.

त्या सातवीतल्या मुलीनं भोकाचा कोबी घरी नेला. पुढच्या शनिवारी आईच्या हातून निरोप आला, "छान होता. किड्याला पण आवडला असणार."

यंदाची कोबीची लावण झाल्यावर मी पुन्हा शाळेच्या गडबडीत होते. पंचविसाव्या दिवशी आठवण झाली म्हणून संध्याकाळी धावत शेतात गेले. मोहरीची दुसरी ओळ पेरून झाली होती. काका बांधावर बसून पायाची माती पुसत होते. म्हणाले, "तुझ्या लक्षात राहत नाही, म्हणून म्हटलं आपणच पेरावी."